दोघांचंही बरोबर असतं: जुन्या कॉम्प्युटरनं शिकवलेल्या दहा गोष्टी

आमच्या दुकानाच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर २००४ सालचा आहे. पेन्टियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. सांगलीत डीटीपीचं काम सुरू केलं तेव्हा कर्ज काढून घेतलेला. आता रोजचं काम शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर होतं. तरी कोपऱ्यातला मी मोडीत काढलेला नाही, कारण वीस वर्षांचं मॅटर त्याच्या पोटात आहे. दिवाळी अंक, कवितासंग्रह, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका. सगळ्या पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामच्या फायली, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या टाईप केल्या, ते पाठीमागच्या पॅरलल पोर्टला डोंगल, म्हणजे त्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. कुणाला २००६च्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची असली की मला त्याच खुर्चीवर बसावं लागतं.

हा कॉम्प्युटर मला पुष्कळदा अडला. हँग झाला, प्रिंट देईना, फॉन्ट ओळखेना. सुरुवातीला प्रत्येक वेळी मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन करायचे. तो संध्याकाळी यायचा, तोवर दिवस वाया गेलेला असायचा. मग बसून स्वतःच शोधायला लागले. मी कला शाखेची, संगणकाचं शिक्षण टायपिंगपुरतं. पण काम पोटापाण्याचं असलं की माणूस शिकतो. जे शिकले ते इथं क्रमानं लिहिते आहे. घरी किंवा दुकानात जुना पीसी सांभाळणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडावं.

१. आधी विचारा: दोघांना एकच काय हवं आहे?

२००७चा सप्टेंबर. दिवाळी अंकाचे दिवस. एका संपादक सरांनी अर्धं मॅटर दुसऱ्या गावातून टाईप करून आणलं होतं, तेही वेगळ्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. ते उघडावं म्हणून मी ते सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘विद्यार्थी’ टाईप केलं, तर वेलांटी दोनदा उमटली, ‘द्य’च्या जागी चौकोन आला आणि रफार पुढच्या शब्दावर जाऊन बसला. पुन्हा टाईप केलं, पुन्हा तेच. मला वाटलं, नवं सॉफ्टवेअर खराब आहे. ते बंद करून पाहिलं तर जुनं नीट चाललं. जुनं बंद केलं तर नवंही नीट चाललं. म्हणजे खराब कुणीच नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अशी सॉफ्टवेअरं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी बसून आपण दाबलेली कळ वाटेतच पकडतात, तिचं मराठी करतात आणि मग पुढे पाठवतात. दोघं चालू असली की पहिल्यानं मराठी केलेलं अक्षर दुसरा कळ समजून पुन्हा पकडतो आणि त्याचंही मराठी करतो. त्यात दोघांची मराठी चालू करायची कळ एकच होती, स्क्रोल लॉक. मी एकाला उठवत होते आणि दोघं उठत होते.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची कळ बदलली आणि कॉम्प्युटरबरोबर ते आपोआप सुरू होतं ते थांबवलं. त्यानंतर कुठलंही भांडण आलं की मी कोण वाईट हे शोधत नाही, दोघांना कुठली एक गोष्ट हवी आहे ते शोधते. ती कळ असेल, पोर्ट असेल, फायलीचं नाव असेल किंवा मेमरी असेल. ती सापडली की दोघांना वेगळं करता येतं, आणि बहुतेक वेळा दोघंही ठेवता येतात.

२. शेवटी काय बदललं, ते वहीत असू द्या

कॉम्प्युटर काल चालत होता आणि आज चालत नाही, तर मध्ये काहीतरी बदललेलं असतं. माणूस मात्र ‘मी काहीच केलं नाही’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लक्षातच नसतं. गिऱ्हाइकाच्या सीडीवरून एक फॉन्ट टाकला, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर टाकलं, प्रिंटर दुसऱ्या पोर्टला लावला, या गोष्टी कुणी लक्षात ठेवत नाही.

म्हणून माझ्या टेबलाच्या खणात दोनशे पानी वही असते. तारीख, काय टाकलं, काय काढलं, कुठली सेटिंग कशावरून कशावर नेली. एका नोंदीला एक ओळ पुरते. उदाहरणार्थ: ‘लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर नवा टाकला. जुना डी ड्राइव्हवर ड्रायव्हर फोल्डरमध्ये ठेवला.’ वही कॉम्प्युटरमध्ये ठेवू नका. जेव्हा ती हवी असते, तेव्हा नेमका कॉम्प्युटरच उघडत नसतो.

३. एरर मेसेज पूर्ण वाचा

सुरुवातीच्या काळातला फोनवरचा संवाद मला अजून आठवतो.

“ताई, काय एरर येतोय?”

“काहीतरी मेमरीचं लिहिलंय.”

“‘काहीतरी’ नको. अक्षरन् अक्षर वाचा, मी लिहून घेतो.”

मी वाचत गेले तसं माझ्याच लक्षात आलं की मेसेजमध्ये एका फायलीचं नाव होतं, आणि ते माझ्या प्रिंटरच्या कंपनीच्या नावासारखं दिसत होतं. इतके दिवस मी ओके दाबून ती खिडकी घालवत होते.

मेसेज निघून गेला तरी विंडोज तो विसरत नाही. स्टार्टमध्ये रन उघडून eventvwr टाईप करा, म्हणजे ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडतो. त्यात ॲप्लिकेशन या भागात प्रोग्राम कोसळल्याच्या नोंदी असतात, बहुतेक १००० या क्रमांकाच्या. त्या नोंदीत दोन नावं असतात. एक पडलेल्या प्रोग्रामचं आणि दुसरं ज्या फायलीत असताना तो पडला तिचं. माझ्या वेळी पडलेला प्रोग्राम पानं लावायचा होता, फाईल मात्र प्रिंटरच्या ड्रायव्हरची. मी उगाचच पानं लावायचा प्रोग्राम तीनदा काढून टाकला होता. दुसरं नाव म्हणजे दर वेळी गुन्हेगारच असं नाही, पण शोध तिथून सुरू करावा. निळी स्क्रीन आली तर तिच्यावरचा शून्य-एक्सनं सुरू होणारा कोड आणि शेवटी ‘सिस’ असलेलं फायलीचं नाव मोबाईलवर फोटो काढून ठेवा. विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर ‘रिलायबिलिटी’ हा शब्द शोधा. दिवसावार तक्ता उघडतो. कुठल्या दिवशी काय टाकलं आणि कुठल्या दिवसापासून प्रोग्राम पडायला लागले, हे एकाखाली एक दिसतं.

४. एका वेळी एकच बदल

एकदा दुकानातले दोन्ही प्रिंटर एकदम बंद पडले. लेझरवर ट्रेसिंग पेपरचं काम, इंकजेटवर रंगीत पत्रिका. दोन्ही प्रिंटर एकदम बिघडतील हे मनाला पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पत्रिका द्यायच्या होत्या. घाईघाईत मी इंकजेटचा ड्रायव्हर बदलला, लेझरची केबल बदलली, अडकलेले प्रिंट पुसून टाकले आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. दोन्ही प्रिंटर चालले. मी निश्चिंत झोपले.

चार महिन्यांनी तेच पुन्हा घडलं, आणि आधीच्या वेळी नेमकं कशामुळे सुधारलं होतं, ते मला माहीत नव्हतं. या वेळी एक-एक करून गेले. केबल बदलली, फरक नाही. जुनी केबल परत लावली. प्रिंट रांगेत लावणारी स्पूलर नावाची सेवा बंद करून अडकलेल्या फायली पुसल्या, सेवा चालू केली. एक प्रिंट निघाली आणि पुन्हा बंद. मग इंकजेटचा ड्रायव्हर काढला, आणि लेझर दिवसभर चालला.

कारण नंतर समजलं. एक्सपीमध्ये सगळ्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्या एकाच स्पूलरच्या आत चालतात. एक ड्रायव्हर कोसळला की स्पूलर कोसळतो, आणि ज्याचा काही संबंध नाही तो प्रिंटरही थांबतो. ड्रायव्हर वेगळे ठेवण्याची सोय विंडोज ७मध्ये आली. इंकजेटचा साधा, जुना ड्रायव्हर टाकल्यावर दोघं सुखानं नांदले.

एक बदल करा, तपासा. फरक पडला नाही तर तो बदल आधी मागे घ्या, मगच दुसरा करा. मागे घ्यायला लोक विसरतात, आणि संध्याकाळपर्यंत मूळ बिघाडावर आपणच केलेल्या पाच बिघाडांची भर पडलेली असते.

५. निम्मे-निम्मे करत शोधा

संशय कुणावर घ्यावा तेच कळत नाही, तेव्हा ही रीत वापरा. पहिली पायरी सेफ मोड. एक्सपी आणि विंडोज ७मध्ये कॉम्प्युटर चालू होताना एफ ८ दाबत राहिलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उघडतं. तिथंही त्रास होत असेल तर गोष्ट खोलवरची आहे, कदाचित हार्डवेअरची. तिथं त्रास नसेल तर आपणच टाकलेल्या कशाचं तरी हे काम आहे.

मग रनमध्ये ‘एमएसकॉन्फिग’. त्यात सर्व्हिसेसच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायची खूण आहे, ती आधी करा, म्हणजे विंडोजला लागणारं काही चुकून बंद होणार नाही. आता उरलेल्या सेवा आणि स्टार्टअपमधली नावं कागदावर लिहा. माझ्याकडे एकदा सोळा निघाली. स्कॅनर अधूनमधून ‘बिझी’ म्हणून अडून बसत होता आणि कारण सापडत नव्हतं. सोळांपैकी आठ बंद केली, रीस्टार्ट केलं. स्कॅनर चालला. म्हणजे बंद केलेल्या आठांत निदान एक जण होता. त्यांतले चार चालू केले. मग दोन, मग एक. सोळांतून एक शोधायला चारच फेऱ्या लागतात. एकेक बंद करत बसले असते तर कदाचित सोळा वेळा रीस्टार्ट करावं लागलं असतं, आणि हा कॉम्प्युटर चालू व्हायला सहा मिनिटं घेतो.

सापडलेलं नाव होतं एका फोटो सॉफ्टवेअरच्या छोट्या मदतनीसाचं. कॅमेऱ्याच्या सीडीबरोबर आलेला. पण त्याला एकट्याला चालू ठेवून पाहिलं तर स्कॅनर नीट चालत होता! इथं मी बराच वेळ अडले. मग पहिला धडा आठवला. भांडायला दोघं लागतात, आणि निम्मे-निम्मे करून मला त्यांतला एकच सापडला होता. म्हणून त्याला चालू ठेवून बाकीच्या पंधरांची पुन्हा तशीच वाटणी केली. दुसरा निघाला स्कॅनरबरोबर आलेला प्रोग्राम, स्कॅनरच्या पुढच्या बटणावर लक्ष ठेवणारा. दोघंही त्याच बटणाची वाट पाहत बसलेले. ज्यानं आधी स्कॅनर हाती घेतला त्याच्याकडून तो सुटत नव्हता, आणि दुसऱ्याला ‘बिझी’ दिसत होतं. ते बटण आम्ही कधीच वापरत नव्हतो. दोन्ही मदतनीस बंद केले, आणि सोळांपैकी उरलेले चौदा पुन्हा चालू केले.

सुट्टीच्या दिवसाचे दोन तास यात जातात. पण शेवटी हाती उत्तर असतं.

६. राखणदार एकच ठेवा

गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह आणतात, आणि एके काळी दर दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस असायचा. जास्त सुरक्षित राहावं म्हणून मी एका अँटिव्हायरसच्या जोडीला दुसरा टाकला. त्या दिवसापासून साधी दोन पानी फाईल उघडायला मिनिट-मिनिट लागायला लागलं.

प्रत्येक अँटिव्हायरस फायलींच्या वाटेवर आपला पहारा बसवतो. फाईल उघडली की आधी तो तपासतो, मग आपल्याला देतो. दोन पहारेकरी असले की पहिला तपासण्यासाठी फाईल उघडतो, ते पाहून दुसरा ती अडवून तपासतो. ५१२ एमबी रॅमच्या मशीनला हे पेलत नाही. शिवाय एकानं बाजूला काढून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला धोका वाटतो आणि तो ओरडत राहतो.

एक काढून टाकलात तरी काम संपत नाही. ॲड-रिमूव्हमधून गेलेल्या अँटिव्हायरसचा पहाऱ्याचा ड्रायव्हर कधी कधी मागे राहतो. बहुतेक कंपन्या आपलं सॉफ्टवेअर मुळापासून काढण्यासाठी वेगळं टूल देतात. ते चालवा, रीस्टार्ट करा, मगच दुसरा टाका. फायरवॉलचंही तसंच. एक्सपीचं सर्व्हिस पॅक २ २००४मध्ये आलं आणि त्यात विंडोजची फायरवॉल आपोआप चालू झाली. अँटिव्हायरसचीही फायरवॉल असेल तर दोन दारं, दोन कड्या. एकीला परवानगी देऊनही शेजारच्या कॉम्प्युटरवरचा प्रिंटर दिसत नसेल, तर दुसरी कडी लागलेली आहे का ते पाहा.

७. नाव एक म्हणून वस्तू एक नव्हे

मराठी डीटीपीवाल्यांनी हा धडा जपून ठेवावा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांना जेमतेम २५६ घरं असत. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या त्या घरांत काना, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं बसवायची. कुठलं अक्षर कुठल्या घरात, हे ज्या त्या कंपनीनं आपापलं ठरवलेलं. फायलीत खरं पाहता मराठी नसतंच. घरांचे नंबर असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो.

एका कार्यालयाच्या अहवालाबरोबर त्यांच्या फॉन्टची सीडी आली. माझ्याकडे त्याच नावाचा फॉन्ट होता, पण सीडीवरची आवृत्ती नवी होती. इन्स्टॉल करताना जुन्याच्या जागी नवा बसला. कार्यालयाचं काम नीट झालं. आठ दिवसांनी एका कवितासंग्रहाची जुनी फाईल उघडली आणि मी हादरले. ‘श्र’च्या जागी अवतरणचिन्ह, ‘त्त’च्या जागी मोकळी जागा, आणि बाकी सगळं बरोबर. नव्या आवृत्तीत चार-पाच जोडाक्षरांनी घरं बदलली होती. एकशे बारा पानांच्या पुस्तकात अशी चूक प्रूफ वाचताना पटकन दिसतही नाही, कारण बाकीची ओळ स्वच्छ असते.

तेव्हापासून नवा फॉन्ट टाकायच्या आधी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ते नाव आहे का हे पाहते. असेल तर जुनी फाईल आधी वेगळी काढून ठेवते, तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये. आणि छापायला देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करते, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर कुठला फॉन्ट आहे याच्याशी आपला संबंध उरत नाही.

डीएलएल फायलींचं दुखणं याच जातीचं. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रामांनी वाटून वापरायची फाईल. विंडोजमध्ये देवनागरी अक्षरं जोडून दाखवायचं काम युनिस्क्राइब करतो, त्याची फाईल यूएसपी१०.डीएलएल. काही प्रोग्राम तिची स्वतःची प्रत आपल्या फोल्डरमध्ये बाळगतात, आणि प्रोग्राम आधी आपल्याच फोल्डरमध्ये पाहतो. त्यामुळे एकच युनिकोड मजकूर एका प्रोग्राममध्ये ‘दऱ्या’ असा नीट दिसतो आणि दुसऱ्यात त्याचे तुकडे होतात. मजकूर बिघडलेला नसतो. तो दाखवणारी फाईल जुनी असते. एक्सपीमध्ये तर आधी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय चालू करावी लागते. मजकुरात हात घालण्याआधी तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा.

८. प्रत्येक भांडण सॉफ्टवेअरचं नसतं

माझं डोंगल पॅरलल पोर्टला, आणि त्याच्याच पाठीला प्रिंटरची केबल. एकदा नवा ड्रायव्हर टाकल्यावर टायपिंगचं सॉफ्टवेअर ‘डोंगल सापडत नाही’ म्हणायला लागलं. प्रिंटरची केबल काढली की सापडायचं. प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकमेकांशी दोन्ही बाजूंनी बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यात डोंगलचं उत्तर हरवत होतं. प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमध्ये दुतर्फा संवादाची खूण काढली आणि दोघं चालले. तरीही जमलं नसतं तर बायोसमध्ये पोर्टचा प्रकार बदलून पाहणं ही पुढची पायरी होती.

दुसरी आठवण सेलची. एका सकाळी कुठलीच वेबसाइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेट चुकीचं आहे असा इशारा, आणि अँटिव्हायरस म्हणतोय की माझी मुदत जुळत नाही. व्हायरसच शिरला, असं समजून मी निम्मा दिवस शोधत बसले. दुपारी सहज स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख काही वर्षं मागची होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं ती अजून सुरूच झालेली नव्हती. सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलला, तारीख लावली, सगळं पूर्ववत. आता जुन्या मशीनवर काहीही विचित्र घडलं की मी पहिल्यांदा तारीख पाहते.

कारण नसताना, दर वेळी वेगळ्याच प्रोग्राममध्ये मशीन अडत असेल तर रॅम आणि उष्णता यांच्याकडे बघा. वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, मग रॅमची पट्टी काढा. तिच्या सोनेरी दातांवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा झटका, पट्टी नीट दाबून बसवा. पंख्यावरची धूळ ब्रशनं काढा. ही दोन कामं मी दर दिवाळीच्या साफसफाईत करते.

९. फॉरमॅट हा शेवटचा उपाय

“ताई, फॉरमॅट मारू. एकदम नवा होईल.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. एकदा ऐकून तसं केलंही. सी ड्राइव्हवर डेस्कटॉपवर ठेवलेलं चाळीस पानांचं टाईप केलेलं मॅटर गेलं. टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले शॉर्टकट गेले. नोंदणीसाठी पुन्हा फोनाफोनी झाली. आणि आठवड्यानं तोच त्रास परत आला. साहजिक होतं ते. भांडणारी दोन सॉफ्टवेअरं आम्ही पुन्हा त्याच क्रमानं टाकली होती. फॉरमॅटनं पुरावा पुसला, कारण तसंच राहिलं.

आधीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. शेवटी टाकलेलं काढा. ड्रायव्हर बदलला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक’ करा. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. १२ म्हणजे त्याला हवी ती जागा दुसऱ्यानं घेतली आहे, २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. त्यानंही भागलं नाही तर सिस्टीम रिस्टोअर. नवं काही टाकण्याआधी हातानं रिस्टोअर पॉइंट बनवायची सवय लावून घ्या. पण त्याला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो, आणि आपल्या कागदपत्रांशी त्याचा संबंध नसतो. गिऱ्हाइकांचं मॅटर माझ्याकडे तीन ठिकाणी असतं: मशीनवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

आणि फॉरमॅट करायचीच वेळ आली, तर क्रम लिहून करा. विंडोज, मदरबोर्डचे ड्रायव्हर, सर्व्हिस पॅक, प्रिंटर, मग टायपिंग, शेवटी पानं लावायचा प्रोग्राम. प्रत्येक टप्प्यानंतर एक पान टाईप करून छापून बघा. ज्या टप्प्यावर बिघडलं, तिथंच उत्तर आहे. सगळं चालतंय असं दिसलं की पूर्ण डिस्कची इमेज काढून ठेवा. पुढच्या वेळी दोन दिवसांचं काम तासाभरात होतं.

१०. जुन्याला त्याचंच काम करू द्या

२०१० साली मी विंडोज ७चा, ६४ बिटचा कॉम्प्युटर घेतला आणि सगळं त्याच्यावर हलवायचं ठरवलं. स्कॅनर चालेना, कारण त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता आणि ६४ बिटच्या विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो. बिलाचा एक जुना प्रोग्राम उघडेचना. तो १६ बिटचा होता, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये असे प्रोग्राम चालतच नाहीत. मी पंधरा दिवस झगडले. मग समजलं की इथं दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दोन काळांना एकाच पेटीत बसवायचा माझा हट्ट होता.

तेव्हापासून कामं वाटून दिली आहेत. स्कॅनर, डोंगल आणि पेजमेकर जुन्याकडे. इंटरनेट, ईमेल, युनिकोड नव्याकडे. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ला थांबलं, त्या आठवड्यात मी जुन्याची नेटची केबल काढली, ती पुन्हा लावलेली नाही. त्याच्यावर आता नवं काहीच टाकत नाही. गेल्या दहा वर्षांत तो जितका शांत चालला, तितका आधी कधीच चालला नव्हता.

पण डोंगल कधीतरी जळेल, हार्ड डिस्क कधीतरी थांबेल. तेव्हा लोकांचं लिहिलेलं त्याच्याबरोबर जाऊ नये, म्हणून गेल्या वर्षापासून जुनं मॅटर युनिकोडमध्ये आणते आहे. कन्व्हर्टर बरंचसं करतो, पण ‘ऱ्या’ आणि रफार अजून चुकतात. म्हणून जुन्या स्क्रीनवर मूळ पान, शेजारच्या लॅपटॉपवर नवं पान, आणि मी मध्ये बसून ओळ-ओळ मिळवते. ‘कोऱ्या’चं ‘कोर्या’ झालेलं असतं, ते सुधारते. रोज दुपारी गर्दी नसते तेव्हा वीस पानं होतात. २००६चा कवितासंग्रह गेल्या गुरुवारी पूर्ण झाला. ते कवी आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीला पीडीएफ आणि युनिकोडची फाईल दोन्ही दिल्या, आणि वहीत तारीख घालून एक ओळ लिहिली.